पाच आलं, म्हणून काय कळलं? एका चुंबकीय ऑक्साइडच्या संगणकीय अभ्यासाचं प्रकरण

पार्श्वभूमी

महाराष्ट्रातल्या एका विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात पदार्थांची इलेक्ट्रॉनिक रचना संगणकावर काढणारा छोटा गट आहे. एक मार्गदर्शक, हाताच्या बोटांवर मोजता येतील इतके पीएचडीचे विद्यार्थी, विभागाचा जुना क्लस्टर, आणि राष्ट्रीय सुपरकॉम्प्युटिंग मिशनमधून उभ्या राहिलेल्या एका यंत्रावर अर्ज करून मिळालेला मोजका वेळ. मी या गटातला नाही. इथल्या एका विद्यार्थिनीच्या संशोधन सल्लागार समितीवर मी बाहेरचा सदस्य होतो, त्यामुळे दर सहामाहीचा प्रगती अहवाल ऐकताना हे प्रकरण टप्प्याटप्प्याने समोर आलं. नावं आणि संस्था गाळल्या आहेत, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, गटाचे स्वतःचे आकडे ढोबळ करून दिले आहेत. भौतिकीला हात लावलेला नाही.

विषय होता लँथॅनम निकेल मँगनीज ऑक्साइड, लॅबच्या बोलीत एलएनएमओ. हा दुहेरी पेरोव्स्काइट, म्हणजे एका ठरावीक स्फटिकरचनेचं ऑक्साइड, आहे. प्रत्येक निकेल सहा ऑक्सिजनच्या अष्टफलकात बसलेला, प्रत्येक मँगनीजही तसाच, आणि दोन्ही एकाआड एक. म्हणजे आदर्श स्फटिकात निकेलच्या सहाही बाजूंना, ऑक्सिजनच्या पलीकडे, मँगनीजच. लोहचुंबकीय असून विद्युतवाहक नसलेले पदार्थ फार थोडे आहेत, आणि त्यांतही २८० केल्विनपर्यंत, म्हणजे जवळजवळ खोलीच्या तापमानापर्यंत, चुंबकत्व टिकवणारे अगदीच विरळा. २००५ मध्ये या पदार्थाचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक (विद्युतक्षेत्राला तो किती प्रतिसाद देतो याचं माप) चुंबकीय क्षेत्राने बदलतो हे प्रसिद्ध झालं, आणि तेव्हापासून त्याच्यावर जगभर लिहिलं जातंय.

तो लोहचुंबकीय का, याचं उत्तर संगणकाच्या आधीचं आहे. निकेलवर दोन अधिक प्रभार, त्याच्या ई-जी कक्षा (पाच डी कक्षांपैकी ऑक्सिजनकडे रोखलेल्या दोन) अर्ध्या भरलेल्या. मँगनीजवर चार अधिक, त्याच्या ई-जी कक्षा रिकाम्या. मधल्या ऑक्सिजनमधून जवळपास सरळ रेषेत जोड असेल तर अशा जोडीचे स्पिन (इलेक्ट्रॉनांची चुंबकीय दिशा) एका दिशेला राहणं ऊर्जेच्या दृष्टीने सोयीचं, हा गुडइनफ आणि कानामोरी यांचा १९५० च्या दशकातला नियम. (हेच गुडइनफ, ज्यांना लिथियम बॅटरीसाठी २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. चुंबकत्ववाल्यांना ते आपलेच वाटतात.)

विद्यार्थिनीचं काम असं ठरलं: डेन्सिटी फंक्शनल थिअरीने (इलेक्ट्रॉनांच्या घनतेवरून ऊर्जा काढणारी पद्धत) इलेक्ट्रॉनिक रचना काढायची, चुंबकीय रचनांच्या ऊर्जांमधल्या फरकातून निकेल-मँगनीज जोडीचा एक्स्चेंज स्थिरांक (शेजारच्या स्पिनांमधल्या जोडीची ताकद) काढायचा, त्यावरून क्युरी तापमान, म्हणजे ज्याच्या वर लोहचुंबकत्व संपतं ते. दुसऱ्या विद्यापीठातला एक प्रायोगिक गट सोल-जेल पद्धतीने (द्रावणाचं जेल करून, मग भाजून) नमुने करणार होता. निकाल जुळले की संयुक्त पेपर.

पहिल्या सहामाहीत सगळं सुरळीत दिसत होतं. निकेल आणि मँगनीजच्या डी इलेक्ट्रॉनांतलं परस्पर अपाकर्षण साध्या जीजीएत (या थिअरीच्या नेहमीच्या रूपात) नीट येत नाही, म्हणून हबर्डचा यू, म्हणजे त्या अपाकर्षणासाठी बाहेरून दिलेला आकडा, जोडला. तो किती घ्यायचा? मटेरियल्स प्रोजेक्ट या सार्वजनिक डेटाबेसच्या तक्त्यात निकेलला ६.२ आणि मँगनीजला ३.९ इलेक्ट्रॉन-व्होल्ट आहे, तोच घेतला. एकूण चुंबकीय आघूर्ण (चुंबकत्वाची ताकद) एका सूत्र-एककामागे, म्हणजे एका निकेल-मँगनीज जोडीमागे, बरोबर ५ बोर मॅग्नेटॉन (अणूच्या चुंबकत्वाचं एकक) आलं. एक्स्चेंज स्थिरांक १२ मिली-इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास आला आणि मीन फील्डच्या, म्हणजे शेजाऱ्यांचा फक्त सरासरी परिणाम धरणाऱ्या, सूत्राने क्युरी तापमान २८० केल्विनला जाऊन टेकलं. समितीपुढच्या सादरीकरणात शेवटच्या स्लाइडवर दोन रकाने होते, 'गणित' आणि 'प्रयोग', आणि दोन्हीकडे तेच आकडे.

अडचण

मग नमुने आले. ५ केल्विनला, ५ टेस्ला क्षेत्रात, आघूर्ण पाच नव्हे, चारच्या आसपास. शिवाय तापमानाबरोबर चुंबकन उतरत जाण्याच्या आलेखात १५० केल्विनपाशी एक बारीक कुबड. क्युरी तापमान मात्र २८० च्या थोडंसं खाली, म्हणजे पदार्थ तोच, यात शंका नाही.

दोन्ही गटांची ऑनलाइन बैठक झाली तेव्हा मी सहज म्हणून बसलो होतो. प्रायोगिक बाजूच्या सरांचं म्हणणं सरळ होतं: "आमचं मॅग्नेटोमीटर कॅलिब्रेट केलेलं आहे. एक्सआरडी (क्ष-किरण विवर्तन) एकफेज आहे, म्हणजे दुसरं संयुग मिसळलेलं नाही, मोनोक्लिनिक रचना बसते. तुमचा यू थोडा खालीवर करून बघा ना, चार येतं का?"

विद्यार्थिनी म्हणाली, "बघते सर." तिच्या मार्गदर्शक मॅडम काही बोलल्या नाहीत. बैठक संपल्यावर त्यांनी तिला एवढंच सांगितलं, "यू कितीही फिरव, पाच हलणार नाही. का हलणार नाही ते मला परवा सांग."

माझ्या मते या प्रकरणाचा कणा हा प्रश्नच आहे. उत्तर दोन ओळींचं आहे. स्पिन-ऑर्बिट (स्पिन आणि इलेक्ट्रॉनची कक्षीय गती यांची जोड) धरलेलं नाही, सगळे स्पिन एकाच अक्षावर आहेत आणि पदार्थ विसंवाहक आहे, तर वरच्या स्पिनचे काही पट्टे (इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जापातळ्यांचे गट) पूर्ण भरलेले असतात आणि खालच्या स्पिनचेही. भरलेल्या पट्ट्यांची संख्या पूर्णांक, तर त्यांच्यातला फरकही पूर्णांकच. म्हणून एकूण आघूर्ण ५ येतं ते यू ३ असो की ७. पट्ट्यांमधली फट रुंद होते, अरुंद होते, कक्षांचं मिश्रण बदलतं. पाच तिथेच.

त्याहून खोचक बाब पुढे आहे. निकेल दोन-अधिक आणि मँगनीज चार-अधिक असेल तर आघूर्णं २ आणि ३, बेरीज ५. समजा निकेलने एक इलेक्ट्रॉन मँगनीजला दिला: निकेल तीन-अधिक, कमी-स्पिन, आघूर्ण १, मँगनीज तीन-अधिक, जास्त-स्पिन, आघूर्ण ४. बेरीज पुन्हा ५. म्हणजे पाच या आकड्यावरून प्रभारांची वाटणीसुद्धा कळत नाही. पहिल्या अहवालातल्या 'उत्तम जुळणी'च्या दोन ओळींपैकी एक ओळ पदार्थाबद्दल जवळजवळ काहीच सांगत नव्हती.

दुसऱ्या ओळीचं काय? मॅडमनी मीन फील्डच्या जागी माँटे कार्लो (स्पिन यादृच्छिकपणे बदलत चढउतारही धरणारी पद्धत) चालवायला सांगितलं. निकेल आणि मँगनीज मिळून साधी घनाकृती जाळी होते, प्रत्येकाला सहा शेजारी. फक्त या शेजाऱ्यांचीच जोड धरली आणि स्पिन एकक लांबीचे मानले, तर मीन फील्ड सांगतं की क्युरी तापमान, ऊर्जेच्या मापात, एक्स्चेंज स्थिरांकाच्या २ पट. माँटे कार्लो सांगतं १.४४ पट. मीन फील्ड चढउतार धरत नाही, म्हणून इथे जवळपास ३९ टक्के चढा आकडा देतं. १२ मिली-इलेक्ट्रॉन-व्होल्टवर माँटे कार्लो चालवल्यावर २८० चे २०० केल्विन झाले. उलटं गणित करायचं तर २८० यायला स्थिरांक १७ च्या जवळ हवा. स्थिरांक खरं तर कमी पडत होता आणि मीन फील्डच्या फुगवट्याने ती उणीव झाकली होती. दोन चुकांनी एकमेकींना रद्द केलं होतं.

आता गटाकडे जुळणारी ओळ एकही उरली नव्हती, आणि विद्यार्थिनीची फेलोशिप संपायला फार दिवस नव्हते.

समोर असलेले पर्याय

सगळ्यात सोपा पर्याय बैठकीत कुणीतरी अर्धवट गमतीने मांडला होता, पण त्याचा मोह खरा होता. प्रोग्रॅम प्रत्येक अणूभोवती एक गोल कल्पून त्यातलं स्थानिक आघूर्णही छापतो. निकेलवर १.७, मँगनीजवर ३ च्या आसपास. दोन्ही मिळून ४.७. 'आमचं ४.७, तुमचं ४, फरक तापमानाचा आणि क्षेत्राचा' असं लिहिता आलं असतं, आणि असं लिहिलेले पेपर शोधायला लांब जावं लागत नाही. पण उरलेलं ०.३ कुठे हरवलेलं नाही. ते ऑक्सिजनवर आणि गोलांच्या बाहेर आहे, आणि मॅग्नेटोमीटर तेही मोजतं. गोलाची त्रिज्या बदलली की ४.७ बदलतं. मॅडमनी हा पर्याय तिथल्या तिथे बाद केला.

दुसरा पर्याय, सुव्यवस्थित स्फटिकापुरताच पेपर लिहायचा आणि नमुन्यातली तफावत 'अव्यवस्थेमुळे असावी' या एका वाक्यावर सोडायची. हे खोटं नव्हतं, वेळही वाचला असता. पण एलएनएमओच्या सुव्यवस्थित स्फटिकावर चांगलं सैद्धांतिक काम आधीच झालेलं आहे. त्यात नवं काय, हा प्रश्न रेफ्रीने (पेपर तपासणाऱ्या तज्ज्ञाने) विचारायच्या आधी समितीनेच विचारला असता. मी तर नक्कीच.

तिसरा, यूचा सोक्षमोक्ष लावायचा. तक्त्यातले ६.२ आणि ३.९ हे आकडे आले कुठून, हे या टप्प्यावर पहिल्यांदा नीट पाहिलं गेलं. ते ऑक्साइडांच्या निर्मिती-ऊर्जा प्रयोगाशी जुळाव्यात म्हणून बसवलेले आहेत. हजारो संयुगांची स्थिरता एकाच मापाने तोलायची तर तो मार्ग शहाणपणाचाच. पण एक्स्चेंज स्थिरांक ही काही मिली-इलेक्ट्रॉन-व्होल्टची नाजूक बाब आहे, आणि त्या बसवण्यात चुंबकीय जोडीचा विचार कुठेच नव्हता. शिवाय यू वाढवला की एक्स्चेंज कुठल्या दिशेने जाईल हेही डोळे मिटून सांगता येत नाही. ई-जी मार्गाने होणारी लोहचुंबकीय जोड आणि टी-टू-जी (उरलेल्या तीन डी कक्षांच्या) मार्गाने होणारी विरुद्ध जोड या दोघींचं वजन एकदमच बदलतं. तेव्हा यू रेखीय प्रतिसादाने (लहानसा धक्का देऊन इलेक्ट्रॉन किती हलतात यावरून) त्याच पदार्थासाठी काढायचा, किंवा वीस अणूंच्या सेलवर (स्फटिकात पुन्हा पुन्हा येणाऱ्या तुकड्यावर) एचएसई हायब्रिड फंक्शनलने (यू न लागणाऱ्या, पण जास्त खर्चिक पद्धतीने) एकदा पडताळून बघायचं. याने क्युरी तापमानाचा प्रश्न सुटला असता. आघूर्णाचा सुटला नसता.

चौथा, ऑक्सिजनच्या रिक्त जागा. सोल-जेल नमुन्यात त्या असू शकतात. पण एक ऑक्सिजन गेला की दोन इलेक्ट्रॉन मागे राहतात; ते मँगनीजवर बसले तर त्याचं आघूर्ण ३ चं ४ होतं. म्हणजे एवढ्यावरून आघूर्ण कमी होण्याऐवजी वाढायचीच शक्यता. त्यामुळे हा पर्याय मागे पडला.

पाचवा, जागांची अदलाबदल, म्हणजे अँटीसाइट. पंगतीत दोघांनी पाट बदलावेत तसा एखादा निकेल मँगनीजच्या जागी आणि तो मँगनीज निकेलच्या जागी. आता चुकीच्या जागी बसलेल्या निकेलला सहाही बाजूंना निकेल शेजारी, आणि मँगनीजला मँगनीज. या दोन्ही जोड्या प्रतिलोहचुंबकीय, म्हणजे स्पिन विरुद्ध दिशांना ठेवणाऱ्या. पाहुणे अणू उलटे फिरले की आघूर्ण घटतं. अदलाबदलीचं प्रमाण क्ष असेल आणि दोन्ही पाहुणे उलटत असतील तर आघूर्ण ५(१ − २क्ष). चार यायला १० टक्के पुरेत.

मग एक्सआरडीत हे दिसलं का नाही? निकेलमध्ये २८ इलेक्ट्रॉन, मँगनीजमध्ये २५. क्ष-किरणांना हे दोघे जवळपास सारखेच दिसतात. 'मोनोक्लिनिक रचना बसते' यावरून अणू आपापल्या जागी आहेत हे सिद्ध होत नाही. न्यूट्रॉनला मात्र दोघे ठळकपणे वेगळे: निकेलची प्रकीर्णन लांबी (अणू न्यूट्रॉनला किती विखुरतो याचं माप) अधिक १०.३ फेम्टोमीटर, मँगनीजची उणे ३.७. चिन्हच उलटं.

तिसरा आणि पाचवा पर्याय मिळून घ्यायचं ठरलं. हा पहिला मोठा निर्णय, आणि महागडा. मूळ सेल २० अणूंचा, त्यात दोनच निकेल. एक अदलाबदल केली तर निम्मी जाळी बिघडते. ८० अणूंच्या सुपरसेलमध्ये आठ निकेल, आठ मँगनीज. एक अदलाबदल म्हणजे १२.५ टक्के. अणू चौपट झाले की या गणिताचा खर्च ढोबळमानाने ६४ पट होतो. के-बिंदू (स्फटिकातल्या लहरींचे नमुनाबिंदू) तेवढ्या पटीत कमी लागतात म्हणून १६ पटींवर भागतं. ५ टक्क्यांवर जायचं तर सेल आणखी मोठा, आणि तेवढा यंत्रवेळ नव्हता.

काय केलं

८० अणूंच्या सेलमध्ये सगळे स्पिन वर असतील तर एकूण आघूर्ण ४०. अदलाबदलीनंतर चार शक्यता: कुणीच उलटलं नाही, ४०. फक्त पाहुणा निकेल उलटला, ३६. फक्त मँगनीज, ३४. दोघेही, ३०. एका सूत्र-एककामागे ५, ४.५, ४.२५ आणि ३.७५. प्रत्येक रचना वेगळी सुरू करायची, अणू शिथिल होऊ द्यायचे, ऊर्जांची तुलना करायची. हे दोनदा: पाहुणे एकमेकांशेजारी असताना आणि लांब असताना.

पहिले निकाल विचित्र आले. लांबच्या जोडीत कुणीच न उलटलेल्या रचनेची ऊर्जा अपेक्षेपेक्षा फारच वर. त्यावरून काढलेली निकेल-निकेल जोड इतकी तगडी की विश्वास बसू नये. जॉब नीट कन्व्हर्ज झाला होता, म्हणजे स्थिर उत्तरावर पोचला होता, बलं लहान होती, एकूण आघूर्ण बरोबर ४०. क्लस्टरवरची बाकीची मंडळी म्हणाली, आकडे घे आणि पुढे जा.

तिने आउटपुटच्या शेवटी छापलेला स्थानिक आघूर्णांचा तक्ता उघडला. त्यात निकेल-मँगनीजच्या सोळा ओळी. निकेलच्या ओळींत १.७, १.७, १.७, आणि मध्येच एक ०.९. मँगनीजच्या ओळींत ३ च्या रांगेत एक ३.८. त्या मँगनीजभोवतीचे ऑक्सिजन पाहिले तर दोन लांब, चार जवळ: यान-टेलर विकृती, तीन-अधिक मँगनीजची खूण. म्हणजे या एका रचनेत एक इलेक्ट्रॉन निकेलवरून मँगनीजवर गेला होता आणि गणित त्या चुकीच्या खळग्यात (आसपास सगळ्यात कमी, पण एकूणात सगळ्यात कमी नसलेल्या ऊर्जेत) अडकून तिथेच स्थिरावलं होतं. १ अधिक ४, बेरीज ५. त्यामुळे एकूण आघूर्णात काहीच कळलं नाही. यू जोडलेल्या गणितांत असे अनेक खळगे असतात, हे अनुभवी लोकांना माहीत असतं, पण ते हमरस्त्यावर पाटी लावून उभे नसतात. जी ऊर्जा 'स्पिन उलटण्याची' म्हणून मोजली जात होती तिच्यात प्रभार हलवण्याचीही ऊर्जा मिसळली होती.

इथे दुसरा निर्णय. तेवढी एक रचना पुन्हा चालवायची, की सगळ्याच? मॅडमचं मत सगळ्या, आणि दरवेळी कक्षांच्या भरणीची मॅट्रिक्स (कोणत्या कक्षेत किती इलेक्ट्रॉन याचा तक्ता) हाताने ठरवून सुरुवात करायची, मगच मोकळं सोडायचं. ठरवून दिलेला यंत्रवेळ यात बराचसा गेला, आणि एचएसईची पडताळणी फक्त सुव्यवस्थित २० अणूंच्या सेलपुरती ठेवावी लागली. मला तेव्हा हे अति वाटलं होतं. पण दुसऱ्या फेरीमुळे पहिल्या फेरीतल्या आणखी एका रचनेत तसाच प्रकार सापडला, ज्यात ऊर्जा अजिबात संशयास्पद नव्हती.

शुद्ध झालेल्या निकालांतून एक बाब पक्की झाली आणि एक लटकत राहिली. चुकीच्या जागी बसलेला निकेल निःसंशय उलटतो. यू काहीही घ्या. मँगनीजचं तसं नाही. शेजारी पाहुणा निकेल असेल तर तो त्याच्याबरोबर उलटतो, कारण त्या दोघांमधली जोड लोहचुंबकीयच आहे. एकटा पडला तर उलट आणि सुलट यांतला ऊर्जेचा फरक इतका थोडा की यू बदलला की पारडं बदलतं. याची कल्पना साध्या ऑक्साइडांवरूनही यावी: निकेल ऑक्साइडचं प्रतिलोहचुंबकत्व ५२३ केल्विनपर्यंत टिकतं, आणि चार-अधिक मँगनीजच्या कॅल्शियम मँगनाइटचं जेमतेम १२० ते १२५ पर्यंत.

या लटकलेल्या बाबीचा परिणाम मोठा होता. दोघेही उलटत असतील तर आघूर्ण ४ साठी अदलाबदल १० टक्के. फक्त निकेल उलटत असेल तर आघूर्ण ५ − ४क्ष, आणि चार यायला २५ टक्के लागतात. मॅडमनी प्रायोगिक गटाला पाठवलेला मेल मी पाहिला आहे. त्यात 'आमचं उत्तर' असं काहीच नव्हतं. मजकूर असा: गणित इथे ठरवू शकत नाही, पण १० आणि २५ यांत न्यूट्रॉनला गोंधळ होणार नाही, तुम्ही मोजून सांगा.

प्रायोगिक सरांना हे आवडलं, असं म्हणता येणार नाही. नमुना खराब आहे असा त्यांनी त्याचा अर्थ लावला, आणि काही आठवडे उत्तर आलं नाही. शेवटी त्यांच्याच विद्यार्थ्याने पुढाकार घेतला. मुंबईतल्या ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात ध्रुव अणुभट्टीवर न्यूट्रॉन विवर्तनाची सोय आहे आणि विद्यापीठांना तिथे यूजीसी-डीएई कन्सॉर्टियम या, विद्यापीठांना अणुऊर्जा विभागाच्या सोयी वापरू देणाऱ्या संस्थेच्या मुंबई केंद्रामार्फत प्रस्ताव देता येतो. प्रस्ताव गेला, मंजूर झाला, बीमटाइमसाठी (न्यूट्रॉन वापरायला मिळणाऱ्या वेळेसाठी) वाट पाहावी लागली.

क्युरी तापमानाच्या बाजूला रेखीय प्रतिसाद आणि एचएसई या दोन्हींनी तक्त्यातल्यापेक्षा कमी यूकडे बोट दाखवलं. यू खाली आणला तसा एक्स्चेंज स्थिरांक वाढला आणि माँटे कार्लोचं तापमान २०० वरून वर सरकत २८० च्या दिशेने गेलं. तिसरा निर्णय इथला. एक विशिष्ट यू घेतला की २८० नेमकं मिळत होतं. तो 'योग्य यू' म्हणून छापायचा नाही, यूचे तीन संच शेजारी शेजारी द्यायचे आणि तापमान एका आकड्याऐवजी एक पट्टा म्हणून दाखवायचं, असं मॅडमनी ठरवलं. विद्यार्थिनी नाराज होती. तिचं म्हणणं, पट्टा दाखवला की रेफ्री म्हणणार, तुमच्या गणितात भाकीत कुठे आहे? तो मुद्दा अगदीच गैर नाही. पण यू प्रयोगाशी जुळवून घेतला तर मग प्रयोगाशी जुळणं हा निकाल राहत नाही.

निष्पत्ती

न्यूट्रॉनच्या विश्लेषणातून अदलाबदल १२ टक्क्यांच्या आसपास निघाली. दोन्ही पाहुणे उलटत असतील तर १२ टक्क्यांना आघूर्ण ३.८, फक्त निकेल उलटत असेल तर ४.५ च्या वर. मोजलेलं चार. म्हणजे बहुतेक मँगनीज उलटतात, काही नाही, आणि हे 'शेजारी असेल तर उलटतो, एकटा असेल तर द्विधा' या चित्राशी सुसंगत आहे. नेमके किती उलटतात हा आकडा काढण्याचा मोह सगळ्यांनाच झाला. ५ टेस्लाला चुंबकन पूर्ण संपृक्त झालं होतं याची खात्री नव्हती, आणि न्यूट्रॉनच्या आकड्यालाही चुकीची मर्यादा होतीच, म्हणून तो काढला नाही.

संयुक्त पेपर निघाला, ठरलं होतं त्यापेक्षा उशिरा. पहिल्या मसुद्यातले 'उत्कृष्ट जुळणी' हे शब्द आणि ते दोन रकान्यांचं कोष्टक त्यात नाही. रेफ्रीने पट्ट्याबद्दल विचारलंच. उत्तरादाखल एचएसईचा निकाल पुरवणीतून मुख्य मजकुरात आणावा लागला. स्थानिक आघूर्णांचे सगळे तक्ते, प्रत्येक रचनेचे, पुरवणीत आहेत. दुसऱ्या एका गटाने ते मागवून स्वतःच्या गणितातला तसाच खळगा शोधल्याचं मॅडमकडून कळलं. विद्यार्थिनीची फेलोशिप प्रबंध सादर व्हायच्या आधी संपली आणि शेवटचे काही महिने तिने एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवत काढले. किंमत कुणी मोजली, हे प्रकरण सांगताना ते वगळू नये.

वेगळं काय करता आलं असतं

यूचा आकडा तक्त्यातून उचलण्यात काही गैर नाही; पण तो कशासाठी बसवलाय हे पहिल्या दिवशी पाहिलं असतं तर पहिली सहामाही वेगळी गेली असती. मीन फील्ड आणि माँटे कार्लो यांतला फरक तर फुकटात कळणारा आहे, साध्या लॅपटॉपवर संध्याकाळभरात. समितीतल्या आम्हा तिघांपैकी एकानेही पहिल्या सादरीकरणात तो प्रश्न विचारला नाही, दोन्ही रकाने जुळत होते म्हणून.

न्यूट्रॉनचा प्रस्ताव नमुने तयार झाल्याबरोबर देता आला असता. आघूर्ण कमी आलं त्याच बैठकीत कुणी एकाने २८ आणि २५ हे आकडे शेजारी ठेवले असते तर एक्सआरडीवरून चाललेला वाद तिथेच मिटला असता आणि बीमटाइमची वाट पाहण्याचे महिने गणिताबरोबरच निघून गेले असते. त्यासाठी सैद्धांतिक बाजूने प्रायोगिक बाजूला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं न करता विचारायला हवं होतं. तो मेल थोडा हळुवार लिहिता आला असता, असं मॅडमनाही वाटतं.

सुपरसेल हा एकच रस्ता होता का, यावर माझं आणि मॅडमचं अजून एकमत नाही. केकेआर या दुसऱ्या पद्धतीत कोहेरंट पोटेन्शियल ॲप्रॉक्सिमेशन (मिसळलेल्या अणूंऐवजी त्यांचा सरासरी अणू धरणारं) वापरलं तर अदलाबदलीचं प्रमाण ३, ७, १२ टक्के असं हवं तसं बदलता येतं, मोठा सेल लागत नाही, आणि अर्धवट उलटलेला मँगनीजही हाताळता येतो. माझ्या मते ८० अणूंच्या आधी तो प्रयत्न व्हायला हवा होता. मॅडम म्हणतात, त्यात प्रत्येक जागेला सरासरी परिसर मिळतो, अणू शिथिल होत नाहीत, आणि यान-टेलर विकृती दिसलीच नसती. मग तो ०.९ चा निकेल कधी सापडला असता? दोन्ही पद्धती चालवायला यंत्रवेळ नव्हता, हेही खरं.

१५० केल्विनचं ते कुबड तसंच आहे. तीन-अधिक निकेल आणि मँगनीज असलेले अव्यवस्थित तुकडे नमुन्यात असतील तर तिथे दुसरं संक्रमण अपेक्षित आहे, आणि गणितातला तो 'चुकीचा' खळगा तेव्हा कदाचित इतका चुकीचा राहणार नाही. पेपरमध्ये याबद्दल एक वाक्य आहे. प्रायोगिक गट आता तेच पावडर वेगवेगळ्या तापमानांना भाजून कुबड लहानमोठं होतं का बघतोय, आणि मॅडमच्या नव्या विद्यार्थ्याने पहिल्या फेरीत टाकून दिलेल्या त्या दोन रचनांच्या फाइली मागून घेतल्या आहेत.